लूना, दूध आणि धाकटी

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



उभे राहून बोलण्याची माझी ही पहिलीच वेळ आहे. महिन्यापूर्वी चिटणीसबाई घरी आल्या आणि म्हणाल्या, "यंदा प्रत्येकीने आपली एक आठवण सांगायची. पाककृती नको, गेल्या वर्षी पाककृती पुष्कळ झाल्या." मी त्यांना म्हटले, अहो, माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, मी काय बोलणार? त्यावर त्या म्हणाल्या, "तुम्ही रोज सकाळी मैदानावर बायकांना गाडी शिकवता तेव्हा तर तुमचा आवाज आमच्या स्वयंपाकघरापर्यंत येतो!" मग माझे काही चालले नाही. कागदावर लिहून आणले आहे. ऱ्हस्व-दीर्घ मुलाने तपासले, बाकी सारे माझे आहे.

मी गाडीविषयीच बोलणार आहे. मोठ्या गाडीविषयी नव्हे, लूनाविषयी. आपल्यापैकी कित्येकींच्या माहेरी लूना असेल, नाहीतर एम-८० असेल, सनी असेल. ज्यांच्या घरी मुंबईला-पुण्याला शिकलेला भाऊ होता त्यांच्याकडे कदाचित आर एक्स १०० ही असेल. त्या गाड्यांचा टर्र टर्र आवाज आणि मागचा निळसर धूर आठवला की माझ्या नाकाला अजून तो वास येतो. पेट्रोल आणि जळक्या तेलाचा तो वास. चांगला नव्हे म्हणतात. मला अजून आवडतो.

माझे माहेर वाळवे तालुक्यात, कृष्णाकाठी. गाव लहान, शाळा सातवीपर्यंत. मी १९९३ साली सातवी पास झाले, वर्गात पहिली आले. पुढची शाळा सहा किलोमीटरवर मोठ्या गावात. मुलींना फी माफ होती, तेव्हा पैशाची अडचण नव्हती. अडचण होती ती रस्त्याची. दोन्ही बाजूंना ऊस, माणसाच्या डोक्यावरून जाणारा. एस. टी. दिवसातून दोनदा, तीही शाळेच्या वेळेला नाही. माझ्याबरोबरीची दुसरी कोणी मुलगी पुढे जाणार नव्हती. आबा म्हणाले, "एकटी पोर उसातनं कशी पाठवायची?" आई काही बोलली नाही. मीही नाही. जून उजाडला, मुले नवी दप्तरे घेऊन गेली, आणि मी शेण काढायला लागले. त्या काळी याचे कोणाला नवल वाटत नसे, म्हणून मी ते फुगवून सांगत नाही.

१९९४ च्या दिवाळीत आबांनी लूना घेतली. नवी नव्हे. गावच्या शाळेतले एक गुरुजी स्कूटर घेणार होते, त्यांची जुनी. आमच्या चार म्हशी होत्या, आणि दूध घालायची डेअरी त्याच मोठ्या गावात होती. तोवर आबा सायकलवरून दूध नेत. लूना आली आणि घरात सण झाला. आईने तिच्या चाकाला हळदकुंकू लावले. माझ्या धाकट्या भावाने ती सुरू नसतानाच दिवसभर तोंडाने आवाज काढून चालवली.

ज्यांनी ती पाहिलेली नाही त्या मुलींसाठी सांगते. लूना म्हणजे सायकलीला इंजिन बसवावे तशी. खरोखरच पायडल असायचे. गाडी स्टँडवर घ्यायची, वर बसायचे आणि पायडल मारायचे. मागचे चाक फिरले की इंजिन फुर्र करून सुरू होई. गिअर नाही, क्लचची दांडी नाही. उजव्या मुठीत वेग, दोन हातांना दोन ब्रेक. आणि सर्वांत मोठी सोय ही, की मधे दांडा नाही, त्यामुळे लुगडे नेसलेल्या बाईलाही पाय न उचलता बसता येई. पेट्रोल संपले तर एक खटका होता. तो फिरवला की इंजिन सुटे व्हायचे आणि खाली उरायची सायकल. जड सायकल, पण सायकलच. हा खटका लक्षात ठेवा, पुढे त्याचे काम आहे.

ही गाडी आपल्या महाराष्ट्रातली. फिरोदियांच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने १९७२ साली ती काढली, कारखाना अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला. मूळ नमुना इटलीतल्या पियाजिओ कंपनीच्या गाडीचा. लूना म्हणजे चंद्र, हे मला फार उशिरा माझ्या मुलाने सांगितले. आम्हाला वाटायचे, गुरुजींनीच लाडाने काही नाव ठेवले असेल.

तर १९९५ च्या शिमग्यात आबांचा उजवा हात कडबाकुट्टीत गेला. देवाच्या दयेने हात राहिला, पण दोन बोटे गेली आणि मनगटातला जोर गेला. मूठ पिळायची म्हणजे लूना चालायची, आणि तीच मूठ उरली नाही. भाऊ नऊ वर्षांचा. आईने कधी सायकलसुद्धा धरलेली नाही. चार दिवस चुलत्यांनी दूध नेले, पाचव्या दिवशी त्यांच्याच घरी लग्न निघाले. संध्याकाळी धारा काढून झाल्या, किटल्या भरून ओट्यावर ठेवल्या, आणि सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसले.

मी म्हटले, "मी नेते."

मला लूना येत होती. कशी, ते आबांनी विचारले नाही आणि मी सांगितले नाही. आता सांगते: आबा दुपारी झोपले की मी ती खळ्यावर ढकलत नेऊन पायडल मारून फिरवीत असे. पेट्रोल कमी होऊ नये म्हणून इंजिन सुरू न करता. आणि कधी कधी करूनही. तेव्हा मी पंधराव्या वर्षात होते, आणि कायद्याप्रमाणे पन्नास सीसीच्या गाडीलाही सोळा वर्षे पुरी लागतात. तेव्हा ते चूकच होते, आणि माझ्या मुलाने असे केले असते तर मी त्याचा कान धरला असता. सोळा पुरी झाल्यावर मात्र मी तालुक्याच्या गावी शिबिरात जाऊन लायसन काढले. साहेबांनी आठचा आकडा काढायला लावला. मी पाय न टेकवता दोनदा काढला, एकदा सांगितला असताना. रांगेतले बाप्ये बघत होते ना!

पहिल्या दिवशी आईने माझ्या परकराची काठाची बाजू सेफ्टीपिनांनी पायांभोवती घट्ट लावली, साखळीत अडकू नये म्हणून. पुढच्या आठवड्यात जुन्या लुगड्याची सलवार शिवली. दोन बाजूंना दोन किटल्या, दहा-दहा लिटरच्या, झाकणाखाली ओले फडके. गाडीचे वजन मागे गेले की पुढचे चाक हलके होते आणि गाडी वारू उधळल्यासारखी मान टाकते. पहिला किलोमीटर मी श्वासच घेतला नाही. आणि मग त्या उसातून, ज्या उसातून एकट्या पोरीला पाठवायचे नाही असे ठरले होते, मी सकाळी सहाला आणि संध्याकाळी साडेपाचला दूध घेऊन जायला लागले. रस्ता तोच, ऊस तोच. शाळाही त्याच रस्त्यावर होती, डेअरीच्या अलीकडे. संध्याकाळी मी जायची तेव्हा शाळा सुटत असे.

पहिले काही दिवस लोक बोलले. पारावरचे एक म्हातारे रोज म्हणायचे, "फटफटी चालली बघा फटफटी!" महिन्याभरात तेच म्हातारे मला हात करून डेअरीच्या गावातून तपकिरीची डबी आणायला सांगू लागले.

आता थोडे त्या इंजिनाविषयी. मला ते फार आवडते, आणि पुरुष मंडळींना वाटते की बायकांना यातले काही कळत नाही.

डेअरीच्या गावात एक मिस्त्री होते. त्यांनी मला उखळ-मुसळाच्या भाषेत समजावले. इंजिनात एक उखळ आणि एक मुसळ. उखळात पेट्रोलची वाफ आणि हवा कोंडायची, वरून ठिणगी पाडायची, भडका उडतो आणि मुसळ खाली ढकलले जाते. त्यावर चाक फिरते. आताच्या गाड्यांत मुसळ दोनदा खाली येते तेव्हा एकदा भडका होतो. मधली खेप धूर बाहेर टाकण्यात आणि नवी हवा आत घेण्यात जाते. आमच्या टू-स्ट्रोकमध्ये दर खेपेला भडका. म्हणून एवढेसे इंजिन आणि दोन किटल्या ओढते. शिवाय झडपा नाहीत, निराळी तेलाची टाकी नाही. वंगणाचे तेल पेट्रोलातच मिसळायचे, ते आतून सगळ्याला तेल पाजत पाजत जाते आणि शेवटी जळते. भाग कमी, म्हणून गाडी हलकी, स्वस्त, आणि माझ्यासारखीला उघडता-मिटता येण्याजोगी. पण त्यातच तिचा दोषही आहे. जळलेला धूर बाहेर जात असतानाच नवे पेट्रोल आत येते, आणि त्यातले थोडे न जळताच धुराबरोबर निसटते. वर तेलाचा धूर आहेच. निळा धूर तो हाच.

तेल घालायला विसरले तर मुसळ उखळात घट्ट बसते, मग ते फार खर्चाचे काम. म्हणून मी खोकल्याच्या औषधाची बाटली मापाला ठेवली होती. पेट्रोल, मग तेल, मग गाडी दोन्ही हातांनी धरून डावी-उजवीकडे हलवायची, ताक घुसळल्यासारखी. आमच्या शेजारच्या काकूंनी एकदा विचारले, "गोडं तेल चालत न्हाई व्हय गं? घरचं हाय." मी म्हटले, चालत असते तर गाडीमागून भज्यांचा वास आला असता!

महिन्यातून एकदा प्लग काढून पॉलिश पेपरने घासायचा, कारण तेलाने तो काळा पडतो आणि ठिणगी देत नाही. आणि वर्षातून एकदा सायलेन्सर. त्यात काजळी इतकी जमते की गाडीला दम लागतो. मिस्त्री तो विस्तवात घालून जाळत आणि ठोकून साफ करीत, त्याचे पैसे घेत. मी पैसे वाचवायला आमच्या परसातल्या पाणी तापवायच्या चुलीत घातला. काय तो धूर! आईला वाटले गोठा पेटला. आबा जेवता जेवता उठून आले. त्या दिवशी घरात कोणीच आंघोळ केली नाही, पाण्याला तो वास लागला म्हणून. पण लूना दुसऱ्या दिवशी अशी पळाली म्हणता!

एक कबुली द्यायची राहिली आहे. पहिल्या पावसाळ्यात, काळ्या मातीचा चिखल चाकात आणि मडगार्डात बसून चाक जागीच थांबले आणि मी आडवी झाले. ढोपर फुटले, ते राहू द्या. एका किटलीतले निम्मे दूध रस्त्यावर सांडले. पांढरे दूध काळ्या चिखलात जाताना मी पाहत बसले. आबांना काय सांगू? मग शेजारच्या विहिरीवर गेले आणि किटली पुन्हा भरली. काय घालून, ते तुम्ही ओळखले. डेअरीत डिग्री लावली, काटा सांगायचे ते सांगून गेला, आणि ती किटली परत आली. आबांनी डेअरीच्या माणसाला चार शब्द सुनावले, "आमच्या म्हशी पानी देत्यात व्हय?" मी मान खाली घालून उभी होते. आबा आता नाहीत. त्या माणसाची माफी मागायची राहून गेली, ती मी आज तुम्हा सर्वांसमोर मागते.

१९९६ साली माझी धाकटी बहीण सातवी पास झाली. तीही पहिली. तेच घर, तोच ओटा, आणि आबा तेच म्हणाले, "एकटी पोर उसातनं…" आणि मधेच थांबले. कारण मी समोर उभी होते, दूध पोचवून आलेली, हातात रिकाम्या किटल्या.

मी म्हटले, "एकटी कशाला? मी सोडते. दूध जातंय तर ही बी जाईल."

आबांनी पेट्रोलाचा हिशेब काढला. संध्याकाळी मी दुधाला जातेच, येताना ती मागे बसेल, त्याचा खर्च नाही. सकाळची मात्र दुधाची खेप सहाची आणि शाळा अकराची, म्हणजे एक जादा फेरी, बारा किलोमीटर, रोजचे पाव लिटर पेट्रोल. ते कोणी द्यायचे? मी दोन दिवस विचार केला आणि भावकीतल्या तीन घरी गेले. त्यांचे दूध थोडे थोडे, त्यासाठी त्यांचा माणूस रोज दोनदा सायकल मारायचा. मी म्हटले, माझ्याकडे द्या, महिन्याला घरटी पन्नास रुपये. दोघे लगेच हो म्हणाले, तिसऱ्यांनी चाळीस दिले. मोठ्या किटल्यांशेजारी लहान लहान किटल्या लटकल्या. लूनाचा गाढव झाला, पण धाकटीचे नाव आठवीत घातले.

नाव घालायला आबा आणि मी दोघे गेलो होतो. मुख्याध्यापकांनी दाखला पाहिला, मग माझ्याकडे पाहिले. म्हणाले, "दूध घेऊन जातेस ती तूच ना? तुझं सातवी झालंय का?" मी हो म्हटले. "मग तूही बस की आठवीला. वय काही फार झालेलं नाही." आबा खिडकीतून बाहेर बघू लागले. उजवा हात त्यांनी धोतराच्या सोग्याखाली घेतला. मी हसून म्हटले, "मग दूध कोण आणणार सर?" मुख्याध्यापकही हसले. तिथेच तो विषय संपला.

पुष्कळ वर्षे मी स्वतःला सांगत आले की मीच नको म्हटले. ते खरेही आहे. पण मी हसून विचारले तेव्हा आबांनी काहीतरी बोलावे, एवढे तरी म्हणावे की बघू, असे मला त्या वेळी वाटत होते. ते बोलले नाहीत. बोलून तरी काय करणार होते, हेही मला कळते. दोन्ही गोष्टी माझ्या मनात शेजारी शेजारी बसलेल्या आहेत, आणि त्यांचे आपसांत अजून जमलेले नाही.

तीन वर्षे मी तिला सोडले आणि आणले. पावसाळ्यात युरियाच्या पोत्याची खोळ करून दोघी डोक्यावर घ्यायचो. ऊसतोडीच्या दिवसांत बैलगाड्यांच्या रांगेमागून जावे लागे, तेव्हा धाकटी मागे बसून गाडीतला ऊस ओढी आणि गाडीवानाच्या शिव्या मी खाई. येताना ती मला शाळेत काय झाले ते सांगायची. इंग्रजीची अक्षरे मी तिच्याकडून लूनावर शिकले. ती माझ्या पाठीवर बोटाने काढायची आणि मी ओळखायची. बी आणि डी मला अजून चुकतात, कारण पाठीवर ती उलटी वाटायची की सुलटी, हे मी कधी नीट विचारलेच नाही.

मार्च १९९९, दहावीची परीक्षा. गणिताचा पेपर अकराला. आम्ही दहाला निघालो. दीड-दोन किलोमीटर गेलो आणि लूना फुसफुसून थांबली. प्लग काढला, घासला. ठिणगी येत होती. म्हणजे पेट्रोल पोचत नव्हते, कुठेतरी कचरा अडकला. ते उघडून साफ करायला अर्धा तास, आणि मागेपुढे रस्त्यावर एक बैलगाडीसुद्धा नाही. धाकटी रडू लागली. मी तिला म्हटले, "रड नंतर, आधी बस." आणि तो खटका फिरवला.

भगिनींनो, लूनाची सायकल करून मागे माणूस बसवून चार किलोमीटर पायडल मारणे म्हणजे काय, ते मी शब्दांत सांगू शकत नाही. पायडल लहान, गाडी जड. सपाटीला बसली, चढाला उतरून माझ्याबरोबर पळाली, कंपासपेटी छातीशी धरून. माझ्या मांड्यांना पेटके आले. ओढ्याच्या चढावर मी पडले असते, तिने मागून धरले. पळता पळता ती सूत्रे म्हणत होती, आणि मला वाटते त्यामुळेच तिची पाठ राहिली. शाळेच्या फाटकापाशी पोचलो तेव्हा पहिली घंटा झाली होती. शिपायाने तिला आत घेतले. ती आत गेली ते मागे वळून न बघता. बरोबरच केले.

मी फाटकाबाहेर चिंचेखाली बसले. कार्बोरेटर उघडला, तोंडाने फुंकर मारून त्यातला कण काढला, पुन्हा बसवला. त्याला अर्धा तास लागला. उरलेला वेळ नुसती बसून राहिले. परीक्षेमुळे आत कोणाला सोडत नव्हते. इतकी वर्षे त्या शाळेवरून दिवसातून चार-चार वेळा गेले, पण नाव घालायचा तो एक दिवस सोडला तर फाटकाच्या आत माझा पाय पडला नाही.

धाकटी पास झाली. पुढे मिरजेला नर्सिंगचा कोर्स केला, आज ती सरकारी दवाखान्यात परिचारिका आहे. तिला नोकरी लागली तेव्हा घरी पेढे वाटले, मीही सासरहून गेले होते. आलेल्या पाहुण्यांना आबा अभिमानाने सांगत होते, "आमची ही पोर लूनावर शिकली." तीनदा सांगितले. लूना कोण चालवीत होते, ते मात्र एकदाही नाही. मी चहा गाळीत होते. धाकटीने आतून ऐकले, बाहेर आली आणि पेढ्याचे ताट माझ्या हातात देऊन सर्वांना म्हणाली, "पेढं हिच्या हातचं घ्या." एवढेच.

माझे लग्न त्याच १९९९ च्या मे महिन्यात झाले. सासर सांगलीत, कर्नाळ रस्त्याच्या बाजूला, नदीजवळ. आमचे किराणा दुकान, आणि मालाची ने-आण करायला एम-८०. बजाजने ती १९८६ साली काढली. तीही तेव्हा टू-स्ट्रोकच, पण हिला डाव्या मुठीत तीन गिअर. माझे हात शिवशिवत. सासूबाईंनी मात्र पहिल्याच आठवड्यात सांगितले, "माहेरी केलं ते केलं. इथं सुनेनं गाडीवर बसायचं ते मागं." सहा वर्षे मी मागे बसले, साडी सावरून, एका बाजूला पाय सोडून. आमचे हे गिअर चुकीच्या वेळी बदलायचे. मला आवाजावरून कळायचे, पण मी बोलत नसे.

मग २००५ चा पूर आला. ज्या इथे तेव्हा होत्या त्यांना मी काय सांगायचे? हे दुकानात माल वरच्या फळ्यांवर चढवायला गेलेले, आणि पाणी गल्लीच्या तोंडाशी आले. घरात मी, दोन वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. एम-८० दारात. मी चावी खुंटीवरून काढली. सासूबाईंनी चावीकडे पाहिले, पाण्याकडे पाहिले, आणि विचारले, "येतीया का तुला?" मी म्हटले, "बसा." मुलगा पुढे पायांपाशी उभा, सासूबाई मागे देवांची पेटी मांडीवर घेऊन. विश्रामबागेत नणंदेच्या घरी पोचेपर्यंत त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. उतरताना म्हणाल्या, "त्याच्यापेक्षा तू बरी चालवतीस. धक्का बसत न्हाई." पाणी ओसरल्यावर मला गाडीची बंदी राहिली नाही. त्याविषयी निराळे बोलणेही कधी झाले नाही.

या गाड्या आता गेल्या. सन २००० पासून धुराचे नियम कडक होत गेले आणि टू-स्ट्रोकला त्यात बसणे जमेना. गेल्या त्या चांगल्याच कारणासाठी. माझ्या सासऱ्यांना दमा होता, तेव्हा धुराची बाजू मी घेणार नाही. २०२४ साली विजेवरची लूना निघाली आहे. मुलगा आय. टी. आय. होऊन गाड्यांचेच काम करतो, त्याने मला ती चालवायला नेले. छान आहे. नुसती सरकते, आवाज नाही, वास नाही. मी दोन फेऱ्या मारल्या आणि दोन्ही वेळा सुरू झाली आहे की नाही हे त्यालाच विचारले.

आमची जुनी लूना माहेरच्या गोठ्यात उभी होती, कोंबड्या तिच्यावर बसत. २०१९ च्या पुरात, तो २००५ पेक्षाही मोठा, गोठा पाण्याखाली गेला. पाणी उतरल्यावर भावाने ती भंगारात दिली आणि मग मला फोन केला. आधी करायला हवा होता, असे मी त्याला म्हटले नाही. त्याच्या दोन म्हशी गेल्या होत्या. नंतर राखीपौर्णिमेला आला तेव्हा कागदात गुंडाळून काहीतरी घेऊन आला. मी उघडले तर किटली अडकवायचा आकडा. दुसरा सापडला नाही म्हणाला. सध्या तो आमच्या स्वयंपाकघरात आहे, त्याला मी पिशव्या अडकवते.

चिटणीसबाई घड्याळाकडे बघताहेत, तेव्हा एक सूचना सांगते आणि बसते. रविवारपासून मैदानावर सकाळी साडेसहालाच यायचे आहे, कारण सातनंतर क्रिकेटची मुले येतात. आठ बायकांची नावे आली आहेत, आणि त्यांत एक आजीबाई अठ्ठावन्न वर्षांच्या आहेत, त्यांना मी सर्वांच्या आधी घेणार आहे. गाडी माझी आहे, पेट्रोलाला प्रत्येकीने वीस रुपये आणावेत. साडी नेसून आलात तरी चालेल. पदर मात्र कमरेला घट्ट खोचून या, आणि पायात चप्पल नको, मागे पट्टा असलेले काहीतरी घाला.